कोपरीत गारठलेलं रबराचं झाड

ठाण्यात थंडीने काही मरू शकतं, हे त्र्यंबकराव खांबेट्यांनी करून दाखवेपर्यंत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ठाण्यातली थंडी म्हणजे पहाटे पंखा चारावरून दोनवर आणणे. ज्यांना तेवढीही सोसत नाही ते कानाला मफलर गुंडाळून तलावपाळीला फेऱ्या मारतात आणि घरी येऊन घाम पुसतात. अशा गावात, तेही ऐन ऑक्टोबरात, जेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, त्र्यंबकरावांनी पुरुषभर उंचीचं एक रबराचं झाड घरातल्या घरात गारठवलं.

बरं, त्र्यंबकराव म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. त्यांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात झाली होती, आणि तिथे बनत काय होतं, तर फ्रिजच्या आणि एसीच्या पोटात बसतो तो थर्मोस्टॅट. त्र्यंबकराव तपासणी विभागाचे प्रमुख. किती गार म्हणजे गार आणि कुठून पुढे फार गार, हे ठरवण्यात त्यांनी आपलं तारुण्य वेचलं होतं. त्यामुळे तापमान या विषयावर ते बोलायला लागले की पत्नी वासंतीबाई स्वयंपाकघरात जात आणि काम नसलं तरी भांडी लावत.

झाड त्यांचं स्वतःचं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. कुंडी रिकामी करून तीत तुळस लावता आली असती. पण झाड होतं विहीणबाईंचं. डोंबिवलीच्या शीलाताई दामले म्हणजे सूनबाई वल्लरीची आई. मुलगा साकेत आणि वल्लरी पुण्याला. शीलाताईंचा मुलगा शौनक कॅनडात, आणि त्याच्याकडे बाळ यायचं होतं, म्हणून शीलाताई हिवाळाभर तिकडे निघाल्या होत्या. घर बंद करणं सोपं, पण दिवाणखान्यातल्या झाडाचं काय करायचं? ते झाड दामल्यांनी, म्हणजे शीलाताईंच्या यजमानांनी, एवढंसं असताना फरसाणाच्या डब्यातून आणलेलं. दामले गेले आणि झाड राहिलं. शीलाताई त्याची पानं ओल्या फडक्याने पुसत, आणि पुसताना काहीबाही बोलत असत असं वल्लरी सांगायची. असं झाड शेजाऱ्यांकडे कोण ठेवील?

त्र्यंबकरावांनी ते आपण होऊन मागून घेतलं. विहीणबाई नको नको म्हणत असताना टेम्पो घेऊन डोंबिवलीला गेले. शीलाताईंनी निघताना एवढंच सांगितलं की ह्याला उकाडा सोसत नाही, जरा गारव्याला ठेवा, पाणी बेताने घाला आणि बाकी काही करू नका. यातलं पहिलं वाक्य त्र्यंबकरावांनी तज्ज्ञाच्या कानांनी ऐकलं आणि शेवटचं ऐकलंच नाही.

सामान्य माणसाने गारवा म्हटल्यावर झाड खिडकीच्या आडोशाला ठेवलं असतं. त्र्यंबकरावांनी ते झोपायच्या खोलीत एसीच्या समोर ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, तर वारा इकडेतिकडे वाया जाऊ नये म्हणून एसीच्या पट्ट्यांचं हलणं बंद करून त्या झाडाच्या रोखाने वळवल्या. मग चिपळूणला भाचीचं लग्न निघालं. दोघं निघाली, आणि आपल्या माघारी झाडाला उकडू नये म्हणून त्र्यंबकरावांनी एसी सोळावर लावला, दारं-खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीला जुना टॉवेल लावला आणि कुलूप घातलं. वासंतीबाईंनी विचारलं होतं, हे जरा जास्त होत नाही ना. त्यावर त्यांना गारव्याचं शास्त्र ऐकावं लागलं, ते खोपटच्या एसटी डेपोपर्यंत.

लग्न लांबलं, म्हणजे लग्न वेळेत लागलं पण पाहुणचार लांबला. परतल्यावर त्र्यंबकरावांनी खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून जो वारा आला त्याने त्यांच्या चष्म्यावर दव धरलं. चष्मा पुसून पाहिलं तर झाड उभं होतं आणि पानं मान टाकून होती. कडा काळ्या, मधे शेवाळी डाग, देठ मऊ. त्यांनी एका पानाला बोट लावलं तर ते पान नम्रपणे त्यांच्या हातात आलं. शीलाताई तिकडे कॅनडाच्या बर्फात ठणठणीत होत्या आणि त्यांचं झाड इथे ठाण्यात, कोपरीत, थंडीने आडवं झालं होतं.

वासंतीबाई सरळ वळणाच्या. त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता फोन करा आणि सांगून टाका."

त्र्यंबकरावांनी त्यांना समजावलं की बाळंतिणीच्या घरात असली बातमी देऊ नये, परदेशात माणूस हळवं झालेलं असतं, आणि शिवाय दोष नेमका कुठे आहे हे तपासल्याशिवाय अहवाल देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. इतक्या उदात्त कारणांपुढे बायकोचं काय चालणार?

आणि त्याच संध्याकाळी शीलाताईंचाच व्हिडिओ कॉल आला. खुशाली झाली, बाळाचं नाक कोणावर गेलं ते झालं, आणि मग त्या म्हणाल्या की जरा झाड दाखवा बघू. भिंतीच्या बाजूचं एक पान कसं कोण जाणे वाचलं होतं. त्र्यंबकरावांनी फोन त्या पानाच्या इतका जवळ नेला की पलीकडे कॅनडात सगळा पडदा हिरवा झाला असेल. शीलाताई म्हणाल्या, जरा लांबून. त्र्यंबकराव म्हणाले, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय. आणि कॉल तुटला. तो तोडायला त्यांना अंगठा वापरावा लागला ही गोष्ट वेगळी.

आता उपाय करणं भाग होतं. त्र्यंबकरावांचा विचार तर्कशुद्ध होता. थंडीने बिघडलं ते उष्णतेने सुधारणार. उष्णता देण्यासाठी त्यांना पिवळा दिवा हवा होता, पूर्वी घराघरांत असायचा तो, हात लावला की चटका देणारा. ठाण्याच्या बाजारात त्यांनी दुकानामागून दुकान पालथं घातलं. दुकानदार पांढरे दिवे पुढे करत आणि कौतुकाने सांगत की काका, हा अजिबात तापत नाही. मला तापणाराच हवा, असं त्र्यंबकराव म्हणाले की ते एकमेकांकडे बघत. शेवटी मांडववाल्याकडच्या अडगळीत एक सापडला. त्र्यंबकरावांनी फ्रिजच्या खोक्याची खोली केली, आत झाड, आत दिवा, आणि ऊब टिकावी म्हणून वरून शाल. शाल निवृत्तीच्या वेळी कारखान्याने पांघरवली होती ती. खोकं आणि शाल या दोन्ही वस्तू कोणत्या तापमानाला पेट घेतात, हा प्रश्न बहुधा त्यांच्या विभागाकडे कधी आला नसावा.

ज्वाळा अशा आल्या नाहीत. पण धूर मात्र मनापासून आला. तो दाराखालून जिन्यात गेला, जिन्यातून वर गेला आणि मधुमालती सोसायटीची माणसं खाली गेली. कोणी दागिन्यांचा डबा घेऊन, कोणी नुसता रिमोट घेऊन. सोसायटीचे सेक्रेटरी पंढरी सुर्वे यांनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं. त्यातून थोडी हवा आली आणि मग तीही थांबली. शेवटी चेअरमन काळुराम मढवी आपल्या घरून पाण्याची बादली घेऊन आले आणि त्यांनी ती दिव्यावर, शालीवर, झाडावर आणि त्र्यंबकरावांवर समान वाटून टाकली.

धूर निवळल्यावर खोक्यातून जे बाहेर निघालं ते पाहायला सगळी सोसायटी दारात जमली होती. गुपित म्हणून जे काही होतं ते तिथे संपलं. झाड थंडीने मेलंय, असं त्र्यंबकरावांनी सांगितल्यावर लोकांनी आधी झाडाकडे बघितलं, मग जळक्या शालीकडे, आणि मग वासंतीबाईंकडे सहानुभूतीने.

माणूस आजारी पडला तर लोक दोन दिवस येऊन जातात. झाड आजारी आहे म्हटल्यावर यायचे थांबेचनात. यात पहिले खालच्या मजल्यावरचे अण्णा लेले. अण्णा पोस्टातून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांच्या एका पेटीच्या आणि एका जाड पुस्तकाच्या जोरावर त्यांनी होमिओपॅथी आत्मसात केली होती. त्यांनी झाडासमोर खुर्ची घेतली आणि रोग्याचा पूर्वेतिहास विचारायला सुरुवात केली. रोगी स्वभावाने तापट की मवाळ, एकटेपणा आवडतो की माणसांत राहायला, कुठला मोठा मानसिक आघात. मालक वारले हे कळल्यावर अण्णांनी मान डोलावली. हे थंडीचं नाही, हे दुःख आहे, असं निदान करून त्यांनी गोळ्या पाण्यात विरघळवून घालायला दिल्या. त्र्यंबकरावांना हे निदान अतिशय पटलं, कारण त्यात एसीचा उल्लेख नव्हता.

दुसरे काळुराम. ही सोसायटी उभी आहे ती जागा एके काळी त्यांच्या वडिलांची. पलीकडे खाडीला मिठागर होतं, त्यातही त्यांचा वाटा. आता मिठागर नाही, शेत नाही, त्याऐवजी काळुरामशेठकडे तीन गाळे आणि एक एवढी मोठी गाडी आहे की ती आत आली की बाकीच्या गाड्या बाहेर जातात. शेत गेलं तरी शेतकऱ्याचा अधिकार गेला नव्हता. त्यांनी खोड नखाने खरवडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "या झार मेला नाय, काका. याला भूक लागलीय."

त्यांच्या शेतात म्हणे वांग्यांना सुक्या बोंबलाचं पाणी घालत. एकेक वांगं नारळाएवढं व्हायचं. काळुरामशेठनी घरी सांगून बोंबील भिजत घालायला लावले आणि ते पाणी चांगलं मुरल्यावर बादलीने आणून स्वतःच्या हाताने ओतलं. त्र्यंबकरावांच्या घरात अंडंसुद्धा खिडकीतून आत आलेलं नव्हतं. वासंतीबाईंनी उदबत्त्यांचा पुडा एकदम पेटवला. बोंबील आणि मोगरा एकत्र आल्यावर जो वास तयार होतो त्याला मराठीत शब्द नाही, आणि नसलेलाच बरा.

हा वास माणसांना नकोसा असला तरी मांजरांना तसा नव्हता. कोपरीतल्या एकूणएक मांजरांनी मधुमालतीच्या जिन्यात वस्तीला यायचं ठरवलं. त्यांच्यामागोमाग कावळे गॅलरीत आले. मग सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिणं सुरू झालं. 'काही सभासद' हे शब्द वाचले की त्र्यंबकरावांना ते आपणच हे कळायचं. पंढरी सुर्व्यांनी परिपत्रक काढलं की विजेच्या उपकरणांनी वनस्पती तापवू नयेत आणि मासळीजन्य द्रव लिफ्टमधून नेऊ नये. दुसरी अट चेअरमनना उद्देशून होती, त्यामुळे ती 'शक्यतो' या शब्दाने सुरू होत होती.

झाड गच्चीवर नेलं तर सगळ्यांचीच सुटका होती. पण गच्ची सामाईक. तिच्यावर खासगी वस्तू ठेवायला बंदी. त्र्यंबकरावांनी अर्ज केला. पंढरींनी विचारलं की झाड ही वस्तू आहे का. त्र्यंबकराव म्हणाले, जिवंत आहे, मग वस्तू कशी? पंढरी म्हणाले, जिवंत आहे याचा पुरावा द्या. त्र्यंबकराव म्हणाले, मग मेलेलं धरा. पंढरी म्हणाले, मेलेलं असेल तर तो कचरा, आणि कचरा गच्चीवर चालत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचा माल नापास करत आलेल्या माणसाला आपलाच माल असा नापास होताना बघणं किती जड गेलं असेल. अखेर कमिटीची बैठक झाली आणि तोडगा निघाला. झाड तात्पुरतं सोसायटीने आपल्या ताब्यात घ्यायचं. म्हणजे ते खासगी राहत नाही, आणि गच्ची सामाईक ती सामाईकच राहते. पंढरींना या तोडग्याचा इतका अभिमान वाटला की त्यांनी झाडाला सोसायटीच्या मालमत्तेचा शिक्काच मारला, कुंडीवर, लाल रंगात.

गच्चीवर झाड कृतिकाच्या हाती लागलं. कृतिका वरच्या मजल्यावर राहायची, संगणकाचं काम घरून करायची आणि स्वतःला झाडांची आई म्हणवून घ्यायची. तिने त्र्यंबकरावांना झाडापासून दोन हात दूर उभं केलं आणि म्हणाली, "काका, चिल. तुम्ही ह्याला खूप जास्त पॅम्पर करताय. त्याला जरा स्पेस द्या."

तिचं म्हणणं असं की काळी पानं आपोआप गळू द्यावीत, माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये, उबेला ठेवावं आणि वाट बघावी. बाकी काही करायचं नाही. ही सूचना यापूर्वीही कोणीतरी दिली होती. पण ज्या उपचारात काहीच करायचं नाही त्याला उपचार कसं म्हणायचं, असं सगळ्यांनाच वाटलं. अण्णा हळूच जाऊन गोळ्यांचं पाणी घालत. काळुरामशेठ शक्यतो जिन्याने बादली नेत. त्र्यंबकराव दुपारी जाऊन तापमान मोजत आणि कोणी बघत नसलं की कुंडीभोवती पोतं गुंडाळत. कृतिका ते पोतं काढी. एवढ्या लोकांच्या तावडीतून जे वाचेल ते जगायलाच हवं होतं.

या सगळ्या काळात शीलाताईंचे फोन चालूच होते. ते वाचलेलं शेवटचं पानही एक दिवस गळलं. त्र्यंबकरावांनी ते चिकटपट्टीने पुन्हा देठाला लावलं आणि दाखवलं. ते वाळल्यावर मात्र दाखवायला काही उरलं नाही. मग त्यांनी युक्ती काढली. शीलाताईंचा फोन कधी येईल याचा नेम नसायचा आणि माणूस गाफील सापडायचा. त्यापेक्षा आपणच फोन करावा, झाड दिसणार नाही अशा जागी बसून करावा, आणि झाडाचा विषय निघायच्या आत दुसरे विषय संपूच देऊ नयेत. त्याप्रमाणे ते फोन करू लागले. बर्फ किती पडला, तिकडचा हीटर कसा चालतो, त्याचा थर्मोस्टॅट कुठल्या बनावटीचा. शीलाताईंनी उठून त्याच्यावरचा नंबर वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ काय असं विचारलं तेव्हा त्र्यंबकरावांना भरून आलं. उभ्या आयुष्यात बायकांपैकी कोणी त्यांना थर्मोस्टॅटबद्दल उलट प्रश्न विचारला नव्हता. शीलाताईंनी तर तो विचारला. शेवटी निघता निघता त्या म्हणत, झाड बरंय ना. त्र्यंबकराव म्हणत, एकदम टवटवीत. वासंतीबाई तेव्हा देवाकडे तोंड करून बसत.

संक्रांत झाली, आणि एका सकाळी कृतिकाने गच्चीतून हाका मारल्या. खोडाच्या बुंध्याशी लालसर टोक आलं होतं, गुंडाळलेल्या कागदाच्या सुरळीसारखं. बघता बघता सुरळी उलगडली, पान झालं, मग दुसरं. वरचं खोड वाळकंच राहिलं, पण खालून नवी फांदी जोमाने निघाली.

त्र्यंबकरावांनी देवापुढे पेढे ठेवले. पण त्यांच्या आनंदात भागीदार फार होते. अण्णांनी आपल्या पुस्तकात समासात नोंद केली. काळुरामशेठनी गाळ्यांवरच्या भाडेकरूंना आणून पान दाखवलं आणि बोंबलाचा महिमा सांगितला. कृतिकाने झाडाचे फोटो नेटवर टाकले, तर ते हजारो लोकांनी बघितले म्हणे. पंढरींचं मत असं पडलं की झाड सोसायटीच्या ताब्यात आल्यावरच सुधारलं, तेव्हा हे व्यवस्थापनाचं यश आहे. चौघांनी एकमेकांशी बोलणं कमी केलं. मग यावर उतारा म्हणून पंढरींनीच सत्कार समारंभाची कल्पना काढली. आपल्याकडे भांडण मिटवायचा तोच एक मार्ग आहे, सगळ्यांनाच नारळ द्यायचा.

त्र्यंबकरावांचा त्याला विरोध नव्हता. शीलाताईंचं येणं पुढच्या आठवड्यात होतं. त्याआधी समारंभ उरकेल, झाड खाली येईल, वाळकं खोड छाटून टाकता येईल, आणि झाड जरा आखूड का दिसतंय याचं काहीतरी शास्त्रीय कारण देता येईल. ते कारण त्यांनी तयारही केलं होतं. झब्बा घालून ते संध्याकाळी गच्चीवर गेले. खुर्च्या मांडल्या होत्या, माईक होता, टेबलावर झाड होतं, त्याला झेंडूचा हार होता. आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत शीलाताई बसल्या होत्या.

पंढरी नियमाचा माणूस. मूळ मालकाला कळवल्याशिवाय सोसायटीला त्याच्या मालमत्तेचा समारंभ करता येत नाही, म्हणून त्यांनी वल्लरीकडून नंबर घेऊन रीतसर आमंत्रण पाठवलं होतं. त्यासाठी शीलाताईंनी तिकिटाची तारीख अलीकडे ओढून घेतली होती. वासंतीबाईंना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, तुम्ही ऐकता कुठे, असं त्या नंतर म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी नमस्कार केला. शीलाताईंनी नमस्कार केला. पुढे बोलायला वेळच मिळाला नाही, कारण भाषणं सुरू झाली.

आपण किती मोठं काम केलं हे सांगायचं तर आधी परिस्थिती किती वाईट होती हे सांगावं लागतं. काळुरामशेठनी सांगितलं की दिव्याने भाजलेलं, पाण्याने भिजलेलं ते झाड आपण पाहिलं तेव्हा आपल्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी ते अजून वाईट करून सांगितलं. त्यांनी सोळा डिग्री, बंद खोली, दाराच्या फटीचा टॉवेल, सगळं घेतलं. हा तपशील त्यांना कुठून मिळाला हे त्र्यंबकरावांनी मान वळवून वासंतीबाईंकडे बघितल्यावर कळलं. कृतिकाने तर मोबाईलवरचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर. पहिल्या फोटोत झाडाशेजारी जळकी शाल पांघरून ओलेचिंब त्र्यंबकराव उभे होते. दोघांत उपचाराची गरज कोणाला जास्त आहे, असं कोणीतरी मागून बोललं. आभार मानताना अण्णा म्हणाले, "आणि शेवटी आपण खांबेट्यांचे ऋण मान्य केले पाहिजेत. त्यांच्या निष्काळजीपणाशिवाय आजचा हा प्रसंग आलाच नसता."

टाळ्या पडल्या. सगळ्या समारंभात त्र्यंबकरावांना मिळालेल्या त्या एवढ्याच.

त्यांची कानशिलं तापली होती. ते किती तापमान असेल याचा अंदाज करण्याच्या मनःस्थितीतही ते नव्हते. झाडाचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. पण त्या झाडाच्या निमित्ताने हिवाळाभर जे फोन झाले, त्यांतल्या प्रत्येक 'टवटवीत'ला आता या गच्चीवर सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागणार होतं. आणि पुन्हा त्या घरचा फोन आपण कोणत्या तोंडाने लावणार, हे त्यांना सुचत नव्हतं.

प्रमुख पाहुण्या बोलायला उठल्या. त्यांनी आधी झाडाचा हार काढून बाजूला ठेवला, नव्या पानावरची धूळ पदराने पुसली आणि माईक जवळ घेतला.

"झाड गेलं हे मला पहिल्याच फोनला कळलं," शीलाताई म्हणाल्या. "पान इतकं जवळ धरून दाखवतात का कोणी? नंतर तर त्याला चिकटपट्टी होती. मी वल्लरीला म्हटलं, वासंतीताईंना विचार. त्यांनी सगळं सांगितलं."

त्र्यंबकरावांनी खाली फरशीकडे बघितलं.

"मग मी बोलले का नाही, असं वाटेल. पहिल्यांदा रडायला आलं, खोटं कशाला सांगू. ह्यांनी आणलेलं झाड. पण तिकडे बाहेर सगळा बर्फ, मुलगा कामाला गेलेला, घरात बाळ-बाळंतीण झोपलेली. दिवसभरात मराठीत बोलणारं एक माणूस, तेही थापा मारत असायचं. मी म्हटलं, चालू दे. खरं बोलायला लावलं असतं तर फोन बंद पडले असते, आणि झाड काही त्याने जगलं नसतं."

लोक हसले. त्र्यंबकरावांनाही हसू येणार होतं, पण आपण अपमानित झालेलो आहोत हे वेळेवर आठवल्याने त्यांनी ते आवरलं.

शीलाताईंचं संपलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात आपल्याला पुन्हा जायचं आहे, आणि झाड पुन्हा मधुमालतीतच ठेवायचं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. देखरेख कृतिकाची. खत काळुरामशेठचं, मात्र बोंबील सोडून काहीही. गोळ्या अण्णांनी द्याव्यात, त्याने अपाय होत नाही. कागदपत्रं पंढरींनी बघावीत. प्रत्येकाने मान डोलावली. मग पंढरींनी, काही राहू नये म्हणून, विचारलं की खांबेट्यांकडे काय द्यायचं.

"खांबेट्यांनी झाडाला हात लावायचा नाही," शीलाताई म्हणाल्या. "त्यांनी फक्त फोन करायचा."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तपासणी विभागाचा माजी प्रमुख, आणि त्याच्या वाट्याला काय, तर फोन. त्र्यंबकरावांनी उभं राहून आपली हरकत नोंदवली. पंढरींनी ती नोंदवून घेतली, आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाड टेम्पोत चढलं. चढवायला सगळे होते, काळुरामशेठनी कुंडी धरली, कृतिकाने फांदी सांभाळली, पंढरींनी शिक्क्यावर हात ठेवून ताबा सोडल्याची सही घेतली. त्र्यंबकराव ठरावाचा मान राखून हात मागे बांधून उभे होते. शीलाताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. टेम्पो गेला. त्र्यंबकराव वर आले, पानावर बसले, वासंतीबाईंनी आमटी वाढली.

टेम्पो कोपरीच्या पुलावर चढला असेल नसेल, त्यांनी फोन लावला. टेम्पोच्या काचा वर आहेत का, असं त्यांनी विचारलं, आणि शीलाताईंनी विचारलं की का हो, वाऱ्याने नेमकं काय होतं. झालं. त्र्यंबकरावांनी डावा हात कानाशी घट्ट धरला आणि उष्णता वाहून नेण्याच्या हवेच्या गुणधर्मापासून सुरुवात केली. वासंतीबाईंनी त्यांच्या ताटावर ताट झाकलं आणि शांतपणे आपलं जेवण आटोपलं. टेम्पो डोंबिवलीला पोचेपर्यंत ते काही उठणार नव्हते.